गल्ला, वही आणि क्यूआर कोड : आपल्या हॉटेलांच्या हिशोबाची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, कारण विषयही चहाचाच आहे.

जव्हारच्या बाजारपेठेत किंवा मोखाड्याच्या स्टँडजवळ कुठल्याही टपरीवर उभे राहा, काचेच्या बरणीला क्यूआर कोड चिकटवलेला दिसेल आणि "दहा रुपये प्राप्त हुए" असं सांगणारा डबा ऐकू येईल. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. पावसाळ्यात दाभोसा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळ बघायला येणारी गर्दी ज्यांच्याकडे जेवते, त्या हॉटेलवाल्यांना कंपन्यांची माणसं भेटू लागली आहेत. टेबलावर कोड लावा, गिऱ्हाईक मोबाईलवरच ऑर्डर देईल, ती थेट भटारखान्यात जाईल, बिल आपोआप बनेल, असं ते सांगतात. काहींना हे पटतंय. काहीजण म्हणतात, "नको रे बाबा, उद्या टॅक्सवाले येतील." दोघांचंही म्हणणं समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

हॉटेलच्या धंद्यात मालकाची अडचण पहिल्यापासून एकच. खाणारा एकीकडे, वाढणारा दुसरीकडे आणि पैसे घेणारा तिसरीकडे. मग कोणी काय खाल्लं हे गल्ल्यापर्यंत पोचवायचं कसं? मुंबईच्या इराण्याकडे वेटर आरोळी द्यायचा. गिऱ्हाईक उठलं की मागून आवाज, "काळी टोपी, बारा आणे!" गल्ल्यावरचा शेठ तेवढे घ्यायचा. कागद नाही, पेन नाही, सगळा व्यवहार तोंडी. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. तिथली पद्धत वेगळी, आधी काउंटरवर कुपन घ्यायचं आणि मग पानावर बसायचं. पैसे आधीच आले, त्यामुळे आरोळीची गरजच नाही.

अमेरिकेतही दुखणं हेच होतं. ओहायो राज्यातल्या डेटन गावात जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा गुत्ता होता. नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालतात म्हणून तो वैतागला. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं आणि त्यावरून विक्री मोजणारं यंत्र बनवलं. १८७९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे त्याला पैशाचा खण आणि घंटा जोडली गेली. खण उघडला की घंटा वाजणार आणि मालकाला कळणार. इराण्याची आरोळी, रिटीच्या यंत्राची घंटा आणि आपल्या टपरीवरचा बोलणारा डबा, तिघांचं काम एकच. पैसे आले हे मालकाच्या कानावर घालायचं. आपल्याकडे डबा आला त्याला आणखी एक कारण होतं. गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारे काही कमी नव्हते.

सुट्ट्या पैशांचा त्रास मात्र आरोळीने सुटणारा नव्हता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, पण सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून कोष्टक ठरलं. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता एक आण्याचा चहा धरा. तिघांनी वेगवेगळे पैसे दिले तर १८, एकाने तिघांचे दिले तर १९! एका पैशावरून गल्ल्यावर किती हुज्जत झाली असेल, कल्पना करा. ३० जून २०११ ला पंचवीस पैसेही चलनातून गेले. त्यानंतर सुट्ट्याऐवजी गोळी हातात ठेवायची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली. क्यूआर कोडने कुठला त्रास खरोखर संपवला असेल तर हा, सुट्ट्याचा.

आता वहीकडे येऊ. आपल्या भागातल्या हॉटेलांचा खरा कणा गल्ला नव्हता, वही होती. एसटी डेपोचे ड्रायव्हर-कंडक्टर, बदलीवर आलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांचं महिन्याचं खातं असायचं, पगार झाला की चुकता. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी भिंतीवर असली तरी खाली वही उघडी असायची. उधारीवर जेवण्यात कमीपणाही काही नाही. क्रेडिट कार्डाचा धंदा सुरू करणारा डायनर्स क्लब १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाला, तो हॉटेलात जेवून पैसे नंतर देता यावेत म्हणूनच.

पण वहीची दुसरी बाजू आपल्या मातीला चांगली ठाऊक आहे. शेजारच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात १९४५ मध्ये वारली उठाव झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायला लोकांना उभं केलं. जव्हार तेव्हा संस्थान होतं, १९४८ मध्ये ते विलीन झालं. लग्नासाठी घेतलेलं कर्ज माणसाला आयुष्यभर बांधून का ठेवायचं? एक कारण म्हणजे वही सावकाराच्या हातात आणि लिहिलेलं वाचणारा कर्जदार नाही. किती घेतलं, किती फेडलं, हे सावकार सांगेल तेच खरं. आजही दिवाळीनंतर आपल्या दोन्ही तालुक्यांतली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. आधी उचल घेतात, आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपल्यावर हिशोब होतो. तो हिशोबही बहुतेक वेळा मालकाच्याच वहीत असतो.

म्हणून कुठलंही नवं यंत्र आलं की मी एकच प्रश्न विचारतो : आता वही कोणाच्या हातात?

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. चलनातल्या रकमेपैकी जवळपास ८६ टक्के एका रात्रीत बाद. तीन आठवड्यांनी, १ डिसेंबरला, आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, दुकानांत स्वाइप मशिनं आली, देशभरातून पत्रकार आले. पुढे नेटवर्क आणि मशिनच्या खर्चाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि गाव बरंचसं रोखीवर परतल्याच्या बातम्याही आल्या.

जे मशिनने झालं नाही ते कागदाच्या स्टिकरने केलं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्येच आलं होतं. स्टिकरला वीज लागत नाही, भाडं लागत नाही आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशनही लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात एका महिन्यात पहिल्यांदाच हजार कोटींच्या वर व्यवहार झाले. टेबलावरच्या क्यूआर मेनूकार्डाला कोरोनाने रेटा दिला. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा एकाने हाताळलेलं मेनूकार्ड दुसऱ्याच्या हातात देणं कोणालाच नको होतं.

त्याच वर्षी २६ जानेवारीला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत जेवण. लॉकडाऊनमध्ये ती तालुक्यापर्यंत आली. या केंद्रांना जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो अ‍ॅपवर टाकावा लागायचा, त्यावर अनुदान मिळायचं. ग्रामीण भागात थाळीमागे २५ रुपये. म्हणजे हॉटेलात अ‍ॅपवर नोंद ही गोष्ट फक्त शहरी श्रीमंतांची नाही. दहा रुपयांच्या थाळीलाही ती लागली. बोगस थाळ्यांना आळा बसावा हा हेतू बरोबरच होता. पण भुकेल्या माणसाने आधी फोटोला उभं राहायचं, ही त्याची किंमत होती.

आता फायदा-तोट्याचं सरळ बोलू.

आठ पदार्थांच्या टपरीला टेबलावरच्या ऑर्डरचा काही उपयोग नाही. पोऱ्याला सगळं पाठ असतं. पण रविवारी पावसात पंधरा टेबलं भरतात तेव्हा कुठल्या टेबलाची भाकरी कुठे गेली, चार चहा लिहायचे राहिले, हे होतंच. तिथे ऑर्डर छापून आत गेली तर गोंधळ थांबतो. रात्री बेरजेला तास लागत नाही. कुठला पदार्थ किती गेला हे कळतं, म्हणून माल वाया जात नाही. शिवाय हातगाडीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. जव्हार नगरपरिषद आणि मोखाडा नगरपंचायत, दोन्हीकडच्या विक्रेत्यांसाठी ती आहे. मोबाईलवर पैसे घेणाऱ्याला त्यात थोडा कॅशबॅकही ठेवला आहे. ज्याच्या धंद्याचा आजवर कुठे कागद नव्हता, त्याला बँकेत दाखवायला काहीतरी झालं.

तोटा काय? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून चहा-बेकरीवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरात "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. शेवटी सरकारला जुन्या थकबाकीवर माघार घ्यावी लागली. आपल्या हॉटेलवाल्यांची भीती इथून आली आहे. पण क्यूआर काढून टाकणं हा तिचा इलाज नाही. हॉटेलसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. रोखीत आलेला पैसाही त्यात धरला जातो. उलाढाल तेवढी असेल तर आजच चांगल्या हिशोबनिसाला भेटा. घरच्या उसनवारीचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात घेऊ नका, कारण नोटीस आली की वेगळं करून दाखवणं जड जातं.

दुसरं, वही आता कंपनीकडे आहे. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले तेव्हा देशभरातल्या दुकानदारांची धावपळ झाली. तेव्हा एकाच कंपनीवर विसंबू नका. रोजची बेरीज स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून आलेल्या म्हातारीकडे साधा फोन असतो, कधी तोही नसतो. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं खरं, पण आपल्याकडे ते किती जणांना माहीत आहे? तिची दहाची नोट कायदेशीर चलन आहे. ती नाकारणारं हॉटेल आपल्या तालुक्यात नको. बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरची सक्ती नको, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच सांगितलं आहे. आणि मेनू मोबाईलवर ठेवणार असाल तर मराठीत ठेवा, भिंतीवरचं दरपत्रकही काढू नका. पावसात वीज आणि नेटवर्क एकदमच जातं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

हॉटेलवाल्या मित्रांनो, तुमचा अनुभव खाली लिहा. यंत्र घेतलं असेल तर काय वाचलं, काय वाढलं? आणि कोणाच्या माळ्यावर जुनी उधारीची वही किंवा दरपत्रक असेल तर लोकांची नावं झाकून फोटो टाका. आपल्या गावांत चहा कधी किती पैशांना मिळत होता, त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.