न्हावा-शेवा, २०१७ : ४४५ क्रमांकाच्या पोर्टचा धनी

नवी मुंबईलगतचे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कोणत्या धक्क्याला कोणते जहाज लागले आहे, ही नोंद इतर बंदरांप्रमाणे त्याच्याही कारभाराचा पाया ठरली. संगणकांच्या जाळ्यातही पोर्ट असतात. एकाच यंत्रावरील निरनिराळ्या प्रोग्रॅमांकडे येणारे संदेश वेगळे राहावेत म्हणून वापरले जाणारे ० ते ६५५३५ हे क्रमांक म्हणजे पोर्ट, आणि ज्या क्रमांकावर एखादा प्रोग्रॅम संदेशाची वाट पाहत असतो, तो उघडा पोर्ट. त्यामागचा प्रोग्रॅम ओळखण्याची साधने मात्र सावकाश आली. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीतील 'नेटस्टॅट' ही आज्ञा जोडण्या दाखवीत असे, पण त्यांचा धनी सांगत नसे. युनिक्सवरील ही उणीव पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक एबेल यांच्या 'एलएसओएफ'ने भरून काढली, तर विंडोजच्या नेटस्टॅटमध्ये प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक २००१ च्या एक्सपी आवृत्तीपासून दिसू लागला.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे असलेले न्हावा-शेवाचे गेटवे टर्मिनल त्याच दिवशी ठप्प झाले. या प्रोग्रॅमच्या फैलावाची एक वाट फायलींच्या देवाणघेवाणीसाठी राखलेल्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून जात होती. तो पोर्ट कोणाकडे आहे, असे विंडोजला विचारले असता ४ क्रमांकाची 'सिस्टम' प्रोसेस, म्हणजे खुद्द प्रणालीचा गाभा, हेच उत्तर मिळते. उत्तर अचूक असले तरी त्याने संशय येण्याचे कारण नव्हते, कारण दोष त्या विश्वासू धन्याच्याच कामात होता. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती; परंतु नॉटपेट्या चोरलेली वापरकर्तानावे व पासवर्ड वापरून विंडोजच्या नेहमीच्या प्रशासकीय मार्गांनीही पसरत असल्याने दुरुस्त केलेली यंत्रेही सुरक्षित राहिली नाहीत. म्हणूनच धनी ओळखण्याइतकाच, त्या पोर्टपर्यंत कोणत्या यंत्राला पोहोचू द्यावे, हा प्रश्न निकडीचा होता.

मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज जाहीर केला. न्हावा-शेवाच्या त्या टर्मिनलवर मात्र संगणक बंद पडताच, कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोठे जायचा आहे, हे माणसांना हाताने नोंदवत काम रेटावे लागले.