घर पुरावा म्हणून कसं वाचायचं?

डर्बीशरमधला हार्डविक हॉल (१५९०–९७) बघा. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजे ‘हार्डविकची बेस’, हिने तो बांधून घेतला. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची ‘ई एस’ ही आद्याक्षरं आहेत. काच तेव्हा महाग होती, म्हणून भल्यामोठ्या खिडक्यांतून ऐपत दिसायची. वर जावं तशा त्या उंच होतात, कारण मानाची दालनं सगळ्यात वर. पण थांबा! काही खिडक्या नुसत्या दिखाऊ आहेत, त्यांच्यामागे धुरांडी आहेत. फक्त दर्शनी भाग बघून आतली रचना ठरवली, तर फसगत होणार. इथे १६०१ ची सामानाची यादी कामाला येते. कुठल्या खोलीत काय होतं, ते त्यात आहे. इमारत हा पुरावाच, पण तो कागदाशी ताडून बघायचा. आणि कागद इमारतीशी.