छातीचे फोटो



चित्रांचे प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निसर्गदृश्ये आणि थोरामोठ्यांच्या तसबिरी येतात. आज आम्ही ज्या प्रदर्शनांविषयी बोलणार आहोत त्यांचा विषय धूळ हा आहे, ॲस्बेस्टॉसची धूळ. शहापूर-मुरबाडच्या माणसांचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याने घरी जाऊन गोठ्याच्या छपराकडे पाहावे. कौलांच्या जागी आलेला तो करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचाच असतो.

ॲस्बेस्टॉस हा दगड खरा, पण त्याचे तंतू निघतात. ते पिंजता येतात, कातता येतात, विणता येतात आणि आगीत जळत नाहीत. म्हणून बॉयलरच्या वेष्टणासाठी, गाड्यांच्या ब्रेकसाठी आणि सिमेंटमध्ये मिसळून पत्रे व नळ करण्यासाठी तो कारखानदारांना सोन्यासारखा वाटला. परंतु त्याची डोळ्यांस न दिसणारी कुसे श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. फुप्फुस घट्ट होत जाते, माणसाला चार पावलांत धाप लागते, हा ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा असाध्य कर्करोगही होतो. धूळ आत गेल्यापासून रोग बाहेर पडेपर्यंत कित्येकदा वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. ह्या लांबलेल्या काळातच सारी मेख आहे.

ज्ञान नव्हते, असे कोणी म्हणू नये. इंग्लंडातील लूसी डीन ह्या कारखाना निरीक्षक बाईंनी १८९८ सालीच ह्या धुळीच्या अपायाची नोंद केली होती. १९२४ साली रॉचडेल गावात नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉस कातणारी कामगार स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. टर्नर ब्रदर्स ह्या तिच्या कंपनीने भरपाई नाकारली. एकीला दिली तर पायंडा पडेल, ही भीती! परंतु डॉ. कुक ह्यांनी तिचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो वृत्तांत छापला. १९३० साली मेरेवेदर व प्राइस ह्यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ साली ब्रिटनमध्ये धुळीविषयी नियम झाले.

टर्नर ब्रदर्स ज्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीचा भाग होती, त्याच कंपनीचे भांडवल मुलुंडच्या पत्र्यांच्या आणि घाटकोपरच्या ब्रेक लायनिंगच्या कारखान्यांत होते. मालकाला रॉचडेलमध्ये जे कळले होते, ते मुलुंडच्या कामगाराला कळावयास किती वर्षे लागली, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

आपल्या तालुक्याचा आणि मुंबईचा व्यवहार जुना आहे. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. पाण्यामागोमाग माणसेही गेली. कोणी आसनगाव-वासिंदहून पहाटेची गाडी धरली, कोणी मुरबाडहून एस. टी. ने कल्याण गाठले. पाणी गेले ते परत आले नाही. माणसे मात्र निवृत्त होऊन गावी परतली, आणि काहींबरोबर खोकलाही आला. गावात तो विडीचा ठरला, म्हातारपणाचा ठरला, क्षयाचा ठरला. कारखान्याचा कोणी म्हटला नाही.

अमेरिकेत बिल रॅव्हनेसी नावाचे एक छायाचित्रकार आहेत. त्यांचे वडील मेसोथेलिओमाने गेले. मुलाने ॲस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची छायाचित्रे घेऊन 'ब्रेथ टेकन' हे प्रदर्शन उभे केले. त्याविषयी वाचले तेव्हा आमच्या मनात आले, आपल्याकडे कॅमेरेवाला कशाला हवा? आपल्या माणसांचे फोटो आधीच काढलेले आहेत. एक्स-रेला आपण छातीचा फोटोच म्हणतो ना!

म्हणून एका मेळाव्याच्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधली आणि निवृत्त कामगारांना आपापले छातीचे फोटो व कारखान्याची कागदपत्रे आणावयास सांगितले. कोणी गेटपास आणला, कोणी पगाराची चिठ्ठी. फोटो थोडेच आले. त्यांतले काही पावसाळ्याच्या ओलीने एकमेकांस चिकटलेले होते. एक म्हातारबुवा रिकाम्या हातांनी आले. म्हणाले, "फोटो दर वर्षी काढीत, पण हातात कधी दिला नाही." त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पंचवीस वर्षे नवऱ्याचे कामाचे कपडे अंगणात झटकून धुतले होते. त्या धुळीची नोंद तर कोणत्याच कागदावर नव्हती.

त्या दोरीखाली उभे असताना आमची मान खाली गेली. उमेदीच्या काळात आम्ही गेटवर भाषणे केली, धुळीच्या खात्यासाठी जादा भत्ता मागितला, तो मिळाला तेव्हा गुलाल उधळला. धूळच काढा, असे मात्र आम्ही ठणकावून म्हटले नाही. फुप्फुसाचा भाव ठरवून घेतला आणि त्यालाच विजय समजलो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या अर्जावर निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात सांगितले. ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १० वर्षे, यांत जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये भरपाई ठरविली. तो निकाल इंग्रजीत होता आणि आमचे इंग्रजी कच्चे. आम्ही तो शब्द लावीत लावीत वाचून काढला, पण फार उशिरा.

कागदाचे मोल पाहा. मुरलीधर व कान्हेरे ह्यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे २२ टक्के कामगारांस ॲस्बेस्टॉसिस आढळला. तपासले म्हणून दिसले; एरवी तो खोकलाच राहिला असता.

ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. जगातील साठांहून अधिक देशांनी तेच केले. आपल्या देशात पांढरा ॲस्बेस्टॉस परदेशांतून अजूनही येतो आणि त्याचे पत्रे विकले जातात. तेव्हा घराच्या पत्र्याला घाबरून तो आजच फोडावयास घेऊ नका, कारण फोडणे आणि कापणे ह्यांतच धोका अधिक. भोक पाडणे, कोरडा भुगा झाडणे टाळा; काढावयाचाच झाला तर ओला करून, अखंड उतरवा.

आणि घरात कोणी अशा कारखान्यात राबून आलेला असेल, तर त्याचे गेटपास, चिठ्ठ्या आणि छातीचे फोटो आजच एका पिशवीत घालून पेटीत ठेवा. डॉक्टरांकडे गेलात तर वयाआधी काम सांगा. आम्ही ती दोरी जपून ठेविली आहे. पुढच्या मेळाव्यात ती पुन्हा बांधू.