नित्योपयोगी वस्तूंचे कलारूप : गाडगेबाबांचे गाडगे व खराटा

इतिहासाची साधने म्हणून सनदा, बखरी व नाणी यांना जी मान्यता मिळाली, ती सामान्य माणसाच्या रोजच्या वस्तूंना उशिरा लाभली. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्री व भांडी जमवून संग्रहालय उभारले आणि १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केले. अलीकडे अशा वस्तूंवर 'प्रोजेक्शन मॅपिंग'द्वारे प्रकाशप्रतिमा टाकून कलामांडणी केली जाते. या तंत्राच्या मर्यादा वऱ्हाडातील एका उदाहरणावरून स्पष्ट होतात.

वस्तूच्या उंचसखल आकाराशी संगणकाने प्रतिमा जुळवणे, हे या तंत्राचे मर्म होय. १९६९ मध्ये अमेरिकेतील डिस्नेलँडच्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये अर्धपुतळ्यांवर गाणाऱ्या चेहऱ्यांचे चित्रण टाकले गेले, हे त्याचे आरंभीचे उदाहरण. यासाठी सर्वसाधारणपणे वस्तू स्थिर असावी लागते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ मध्ये घराबाहेर पडले. मातीचे गाडगे हेच त्यांचे जेवणाचे पात्र व डोक्यावरील आच्छादन. त्यावरूनच लोकांनी त्यांना 'गाडगेबाबा' म्हटले. दिवसा खराट्याने गाव झाडावयाचे व रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. हा क्रम महत्त्वाचा आहे. श्रोत्यांनी खराटा आधी कामात पाहिलेला असे. म्हणून रात्रीच्या शब्दांना दिवसाच्या श्रमाचा पुरावा मिळे. येथे वस्तूचा अर्थ तिच्या स्थिरतेत नसून वापरात होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबांचे निधन झाले. पुढे २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले; १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव यथोचितच होय. तथापि वस्तू चिन्ह बनली की ती हाती घेण्याची निकड ओसरते. जयंतीला खराट्याच्या प्रतिमेस हार घालणारे हात आवार झाडतीलच असे नाही.

तात्पर्य, महाविद्यालयांनी अशी प्रकाशमांडणी जरूर करावी. परंतु प्रकाशाने गाडग्याची फुटकी कड व खराट्याच्या झिजलेल्या काड्या झाकू नयेत, कारण ती झीज हाच खरा दस्तऐवज आहे. शिवाय मांडणीचा आरंभ अंधाऱ्या दालनात न होता सकाळी आवार झाडण्याने व्हावा. बाबांनी घालून दिलेला क्रम तोच आहे.