न बांधलेल्या घरातील ऊन

घर बांधण्यापूर्वी ते डोळ्यांनी पाहावे, ही हौस आजची नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हम्फ्री रेप्टन नावाचा उद्यानरचनाकार श्रीमंत जमीनदारांसाठी तांबड्या बांधणीच्या वह्या तयार करी. चित्रावर कागदाची एक झडप असे. झडप मिटलेली असता आजची जागा दिसे. उचलली की उद्याची. मात्र कोठे उभे राहून पाहावयाचे, हे रेप्टनच ठरवी. आमच्या मते साऱ्या इतिहासाची मेख येथेच आहे.

संगणक आला तेव्हा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेगळ्याच प्रश्नाला हात घातला. तांबड्या भिंतीशेजारची पांढरी भिंत किंचित तांबूस का दिसते? प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर उसळतो म्हणून. ही उसळी मोजण्याचे गणित त्यांनी १९८४ साली मांडले, आणि संगणकाच्या चित्रातील खोली प्रथमच खोलीसारखी दिसू लागली. अडचण वेळेची होती. खेळणाऱ्याला तर सेकंदात साठ चित्रे हवीत! म्हणून १९९७ च्या 'क्वेक २' या खेळात उसळलेला प्रकाश आधीच मोजून भिंतींवर जणू रंगवून ठेवला होता. खेळाडू हवा तिकडे फिरे. तो प्रकाश मात्र जागचा हलत नसे.

खेळाची दृश्ये क्षणोक्षणी रेखाटणारी 'अनरियल' ही यंत्रणा १९९८ सालची. तिची चौथी आवृत्ती २०१५ मध्ये विनामूल्य खुली झाली आणि वास्तुविशारदांनी ती झपाट्याने उचलली. २०२२ च्या पाचव्या आवृत्तीत प्रकाशाची उसळी चालता चालता मोजली जाऊ लागली. सूर्य सरकवा, छताची छटा बदलते. रेप्टनची झडप आता पाहणाऱ्याच्या हाती आली, असे वाटते.

वाटते खरे, पण सूर्य अजून विकणाऱ्याच्या हाती आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, खोट्या जाहिरातीवर किंवा नमुना-घरावर विसंबून पैसे भरणाऱ्यास नुकसानभरपाई मागता येते. पण खोटे कशास म्हणावे? भिंती नकाशाबरहुकूमच असतात. लबाडी असते ती उन्हात, आणि समोरची इमारत गाळण्यात. (खोली ऐसपैस भासविणारे रुंद भिंग हा तर जुनाच धंदा!)

२१ डिसेंबरला पुण्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. उत्तरेच्या खिडकीतून त्या दिवशी थेट ऊन येतच नाही. अक्षांश, दिशा, तारीख, वेळ भरण्याची सोय या यंत्रणेत आहेच. काम दोन मिनिटांचे. म्हणून पडद्यासमोर बसविलेल्या ग्राहकाने चहा घेता घेता एवढेच सांगावे: उत्तर नकाशाप्रमाणे लावा, समोरची इमारत उभी करा, आणि तारीख डिसेंबरची घाला.