चिलीच्या राण्या आणि दहा सेंटची ताटली

आजचा भाग रिकाम्या पोटी ऐकू नका, एवढी एकच सूचना आधी देतो.

महिन्याभरापूर्वी ह्यूस्टनहून आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मूळचा सांगलीचा मुलगा. त्याच्या ऑफिसात दर हिवाळ्यात ‘चिली कुक-ऑफ’ असतो, म्हणजे प्रत्येकाने घरून मोठ्ठं पातेलं भरून चिली करून आणायची आणि मग मतदान. याने छान राजमा-बिजमा घालून केली. टेक्सासच्या एका सहकाऱ्याने चव घेतली, मान डोलावली आणि म्हणाला, मस्त आहे, पण ही चिली नाही. पोराचा प्रश्न असा होता: “दादा, राजमा नसलेल्या नुसत्या मटणाच्या रश्शाला हे लोक एवढं डोक्यावर का घेतात?”

प्रश्न भारी आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी सॅन अँटोनियोच्या एका चौकात जाऊन पोचलो.

पण आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण ‘चिली’ म्हटलं की काहींना दक्षिण अमेरिकेतला तो लांबुळका देश आठवतो. त्याचा इथे काही संबंध नाही. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत मिरचीला ‘चिल्ली’ म्हणतात, शब्द तिथून आला. स्पॅनिशमध्ये झालं ‘चिले कॉन कार्ने’, म्हणजे मांस घातलेली मिरची. नाव पुन्हा एकदा नीट ऐका. मिरची घातलेलं मांस नाही, मांस घातलेली मिरची. मान मिरचीला आहे.

आणि ही मिरची आपल्याकडेही तिथूनच आली, हे शाळेत शिकलोय आपण. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून ती आली. मुंबईकडे तिला पूर्वी ‘गोवाई मिरची’ म्हणत. आपण तिचं नाव आपल्या जुन्या मिरीवरून पाडलं, इतकं बेमालूम की आज कोल्हापुरात कुणाला सांगा, मिरची परदेशी आहे म्हणून. बघा काय उत्तर मिळतं ते!

तर सॅन अँटोनियो. आजच्या टेक्सासमधलं हे शहर स्पॅनिश लोकांनी वसवलं. १७३१ साली कॅनरी बेटांवरून पन्नास-पंचावन्न माणसांचा एक जथा तिथे राहायला आला. चिलीत जिरं एवढं ठळक का, याचं श्रेय काही जण या कॅनरीवाल्यांना देतात. पुढे हा मुलूख मेक्सिकोचा झाला, १८३६ मध्ये टेक्सास वेगळा देश झाला, १८४५ मध्ये अमेरिकेत गेला. झेंडे बदलले. चुलीपाशी बसलेली बाई तीच होती, मेक्सिकन वंशाची. तिथे या लोकांना ‘तेहानो’ म्हणतात. स्वतःच्याच गावात हळूहळू परकी होत गेलेली माणसं.

१८७७ मध्ये सॅन अँटोनियोला रेल्वे आली आणि तिच्याबरोबर पर्यटक. गावाच्या मधोमध मिलिटरी प्लाझा नावाचा मोठा चौक होता. दिवसा तिथे भाजीपाला, लाकूडफाटा, गवताच्या गाड्या. आपल्या आठवडी बाजारासारखा गलका. संध्याकाळ झाली की भाजीवाले निघून जायचे आणि बायका यायच्या. घरी शिजवलेल्या चिलीची मोठाली भांडी गाडीत घालून आणायच्या, मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या लाकडांचा जाळ करून ती गरम ठेवायच्या. लांब लाकडी टेबलं, बाजूला बाकं, टेबलावर रंगीत काचांचे कंदील. आणि गिऱ्हाईक कोण? गुराखी, सैनिक, व्यापारी, जुगारी, सुटाबुटातले पर्यटक. सगळे एकाच बाकावर. गाणी म्हणणारे फिरत असायचे. साधारण दहा सेंटला भरपेट चिली, बाजूला बीन्स आणि टॉर्टिया, म्हणजे मक्याची भाकरीच म्हणा.

या बायकांना नाव पडलं ‘चिली क्वीन्स’. चिलीच्या राण्या.

नाव गोड आहे, पण मला ते थोडं खटकतं. त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल भरभरून छापून आलंय. डोळे कसे, हसणं कसं, केसात फूल कुठलं माळलंय. पातेल्यात काय आहे आणि ते कुणाच्या हातचं आहे, याला मात्र ओळ-दोन ओळी. शिवाय राणी म्हणायचं ती तरुण मुलीला, जी पुढे उभी राहून वाढते. मागे चुलीपाशी तिची आई किंवा आजी असायची. एका टेबलामागे अख्खं घर राबत होतं. स्टीफन क्रेन हा नावाजलेला अमेरिकन लेखक १८९५ मध्ये तिथे जाऊन आला. त्याने जे लिहिलंय त्यावरून एवढं नक्की कळतं की साहेबांना तिखट झेपलं नव्हतं.

चौक मात्र फार दिवस त्यांचा राहिला नाही. १८८९ च्या सुमाराला मिलिटरी प्लाझाच्या मधोमध नवं सिटी हॉल बांधायला घेतलं. झालं, राण्या उठल्या आणि दुसऱ्या चौकात गेल्या. अलामो प्लाझा, मिलाम प्लाझा, हेमार्केट. फेरीवाल्याच्या नशिबी जे असतं तेच. गाडी आली की टोपली उचला.

आता गोष्टीत एक जर्मन माणूस येतो. विल्यम गेबहार्ट. सॅन अँटोनियोजवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावात १८९२ मध्ये त्याने एका सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या मागच्या बाजूला खाणावळ काढली. चिली खपायची भरपूर, पण अडचण अशी की वाळल्या मिरच्या मेक्सिकोतून यायच्या आणि बारमाही हाताशी नसायच्या. मग त्याने डोकं चालवलं. मिरच्या एकदम मागवून ठेवायच्या, वाळवायच्या आणि मांस दळायच्या घरगुती यंत्रातून तीन-तीनदा फिरवून पूड करायची. १८९४ च्या आसपास हे जमलं. पुढे सॅन अँटोनियोत कारखाना आणि ‘ईगल ब्रँड चिली पावडर’. फोर्टवर्थचा डिविट पेंडरी नावाचा माणूसही त्याच सुमाराला असाच मसाला विकत होता, पण नाव झालं गेबहार्टचं.

मला गेबहार्टचं कौतुक आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. वर्षाचा मसाला एकदम करून ठेवणं यात आपल्याला नवल वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यात कांडपाच्या गिरणीसमोर शिंकत रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते माहीत आहे. पण तीच पूड बाटलीत भरून, लेबल लावून, रेल्वेने शिकागोला पाठवणं ही वेगळी अक्कल आहे. या बाटलीमुळे चिली चौकातून सुटली. आता ती करायला मिरचीची पारख लागत नव्हती, आई लागत नव्हती, आजी लागत नव्हती. आणि चौकातली बाईसुद्धा लागत नव्हती.

इथे एक कामाची गोष्ट, विशेषतः यूट्यूब बघून स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. अमेरिकन रेसिपीत ‘चिली पावडर’ लिहिलेलं असतं ती म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. तो तयार मसाला असतो. सौम्य मिरची, जिरं, लसूण, ओरेगॅनो वगैरे. तिथे चार चमचे लिहिलेत म्हणून तुम्ही घरचं लवंगी मिरचीचं तिखट चार चमचे घातलंत, तर पुढच्या परिणामांना हा पॉडकास्ट जबाबदार नाही.

बाटलीपाठोपाठ डबा आला. कॉर्सिकाना गावचा लायमन डेव्हिस १८९५ पासून गाडीवर चिली विकायचा. नंतर त्याने ती डबाबंद केली आणि लेबलवर आपल्या पाळीव लांडग्याचं चित्र छापलं. वुल्फ ब्रँड, अजून मिळते. उत्तरेकडे सिनसिनाटी शहरात १९२२ मध्ये मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी तर कहरच केला. चिलीत दालचिनी घातली आणि ती स्पॅगेटीवर ओतली. टेक्सासच्या माणसासमोर याचा विषय काढू नका. गावोगावी ‘चिली पार्लर’ निघाली. महामंदीच्या काळात गरिबाला परवडणारं गरम जेवण म्हणजे चिलीचा वाडगा. पदार्थ जवळपास देशभर गेला.

आणि तो ज्यांचा होता त्या? १९३७ मध्ये सॅन अँटोनियोच्या आरोग्य खात्याने फर्मान काढलं. चौकातल्या टेबलांना हॉटेलांचेच नियम. भांडी धुण्याची सोय हवी, प्रसाधनगृह हवं. उघड्या चौकात रात्रीपुरतं टेबल मांडणारी बाई हे कुठून आणणार? राण्या हेमार्केटमधून उठल्या. १९३९ मध्ये मॉरी मॅव्हरिक या महापौराने त्यांना परत आणलं, पण दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर थोड्याच काळात टेबलं पुन्हा बंद झाली, ती कायमची.

स्वच्छता नको असं मी म्हणत नाही. त्या काळी गावात क्षयरोग होता, लोकांना भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण भांडी धुवायला चौकात एक नळ नगरपालिकेलाही देता आला असता ना? पर्यटकांना दाखवायला राण्या हव्या होत्या, पोस्टकार्डावर त्यांची चित्रं छापून झाली होती. नळ मात्र त्यांनी आपल्या खिशातून आणायचा. आपल्याकडे वडापावच्या गाडीवर अतिक्रमणवाल्यांचा ट्रक येतो तेव्हा हाच वाद असतो, शब्दसुद्धा तेच असतात.

मेक्सिकोनेही हा पदार्थ आपला म्हटला नाही, ही आणखी गंमत. १९५९ मध्ये निघालेल्या एका मोठ्या मेक्सिकन शब्दकोशात चिली कॉन कार्नेची नोंद आहे आणि अर्थ देताना आधी शिवी घातलीय. मेक्सिकन म्हणून खपवलं जाणारं काहीतरी भयंकर, अशा थाटात.

मग राजमा कुठे गेला? त्याचं असं झालं की मोठ्या पातेल्यात बीन्स घातल्या की मांस कमी लागतं, म्हणून टेक्सासबाहेर पार्लरवाल्यांनी त्या सर्रास घातल्या. टेक्सासवाले म्हणाले, ही भेसळ. १९६७ मध्ये टर्लिंग्वा या ओसाड पडलेल्या खाणीच्या गावात जाहीर सामना झाला. टेक्सासतर्फे विक फाउलर, समोर एच. अॅलन स्मिथ हा लेखक. त्याने लेख लिहून टेक्सासची खोडी काढली होती आणि तो बीन्स घालायचा. निकाल बरोबरीत! तिसऱ्या पंचाने एक घास घेतला आणि जाहीर केलं की आपली जीभ बधिर झाली आहे, निवाडा करता येत नाही. तेव्हापासून तिथे दरवर्षी स्पर्धा भरते आणि नियमानुसार बीन्सला बंदी. ह्यूस्टनच्या त्या सहकाऱ्याचं बाळकडू हे आहे. आता मजा बघा. राण्या दहा सेंटला जी ताटली द्यायच्या त्यात बीन्स होत्याच की, फक्त पातेल्यात नाही, बाजूला.

आणि सुरुवातीच्या काळात टर्लिंग्वाच्या त्या स्पर्धेत बायकांना उतरायला मज्जाव होता. चिलीच्या स्पर्धेत! शेवटी १९७० च्या सुमाराला बायकांनी लकेनबाख या चिमुकल्या गावात स्वतःची वेगळी स्पर्धा भरवली.

एवढं वाचल्यावर मला राहवेना. गेल्या रविवारी पाच किलोचं पातेलं चढवलं, जुन्या टेक्सास पद्धतीने. तिथे गोमांस लागतं, मी दोन किलो बकऱ्याचं मटण घेतलं, अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे. अँचो मिरची इथे सहज मिळत नाही. ती दिसायला काळपट लाल आणि तिखटाला मवाळ, म्हणून जवळची बहीण धरली ब्याडगी, आणि धार यावी म्हणून मूठभर संकेश्वरी. बिया काढून, भिजवून, पाट्यासारखी मऊ वाटली. चरबीत मटण परतलं, लसूण, भाजलेलं जिरं, ओरेगॅनो, मिरचीचं वाटण आणि पाणी. कांदा थोडा, टोमॅटो नाही, हळद नाही, खोबरं नाही. आई दोनदा येऊन म्हणाली, “अरे, गरम मसाला तरी टाक.” टाकला नाही.

तीन तास मंद आचेवर. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनमुळे असतो आणि ते पाण्यापेक्षा चरबीत चांगलं विरघळतं, म्हणून घाई केली की तिखट जिभेला टोचतं आणि मुरू दिलं की सगळीकडे सारखं पसरतं. आपल्या तर्रीचं शास्त्र वेगळं काय आहे? शेवटी दाटपणाला मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावलं, अगदी पिठल्याला लावतो तसं. वर लाल तवंग आला तेव्हा शेजारच्या काकू वासावर आल्या आणि विचारलं, “कोल्हापुरी केलंस का रे?”

१९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. हेमार्केटमधून टेबलं उठवल्याला तेव्हा बरोबर चाळीस वर्षं झाली होती.

पुढच्या भागात टर्लिंग्वाच्या पाऱ्याच्या खाणींबद्दल बोलू. ते गाव ओसाड का पडलं, ती गोष्ट राहिलीच. भेटू!