वाशीमचे वाकाटक, अजिंठ्याच्या नकला आणि पाण्याचे रंग

अजिंठा म्हटले की आपल्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना ते दुसऱ्या कुणाचे तरी वैभव वाटते. नकाशात ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात येतात. परंतु सोळाव्या लेण्यातील कोरीव लेख वाचला तर वेगळीच हकीकत समोर येते. हे लेणे वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले. तो वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री होता आणि हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९९८ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. ही शाखा वेगळी होती, हे १९३९ साली वाशीमला मिळालेल्या ताम्रपटाने स्पष्ट झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुढे या घराण्याचा सर्व पुरावा एकत्र मांडला. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या भिंती ज्यांच्या राज्यात रंगल्या, त्या राजांचे ठाणे वऱ्हाडात होते.

या भिंतींचा इतिहास आपण नेहमी शिकवतो. पण त्यांच्या नकलांचाही एक इतिहास आहे आणि तो विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगा आहे. भिंतीवरचे चित्र कागदावर किंवा कॅनव्हासवर उतरवायचे असेल, तर चित्रकाराला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: मूळ रंग कशात कालवले होते? या प्रश्नाचे उत्तर चुकले की काय होते, ते आता पाहू.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने ही लेणी दिसली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. गिलने जवळजवळ वीस वर्षे हे काम केले. कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या त्याच्या मोठाल्या नकला लंडनला गेल्या आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. गिल १८७९ साली भुसावळला वारला.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने केला. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढे अनेक हंगाम अजिंठ्याला येऊन राहिले. त्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकारही होते. माध्यम पुन्हा तैलरंगच. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत यांतीलही बऱ्याच नकला नष्ट झाल्या. जे उरले त्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

आगी लागल्या हा दैवदुर्विलास म्हणू. पण एक नुकसान दैवाने केलेले नाही. या दोन्ही मोहिमांच्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फिरवले गेले. सुशिक्षित, चित्रांवर प्रेम करणाऱ्या माणसांना हे का करावेसे वाटले असेल?

याचे उत्तर आपल्या घरच्या चुनकामात आहे. ओला चुना भिंतीवर फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. वाळला की पांढराशुभ्र होतो. याचे एक मोठे कारण म्हणजे प्रकाशाचे वागणे. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, तर चुनखडी, माती यांसारख्या खनिजांचा साधारण १.५ ते १.६ असतो. दोन पदार्थांच्या वक्रीभवनांकांत फरक जितका जास्त, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश अधिक विखुरतो. ओल्या थरात कणांमधली जागा पाण्याने भरलेली असते, म्हणून विखुरणे कमी. पाणी उडून तेथे हवा शिरली की विखुरणे वाढते आणि पृष्ठभाग पांढुरका दिसू लागतो. जलरंगात काम करणारा प्रत्येक जण हे अनुभवाने जाणतो: ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो.

अजिंठ्याच्या भिंतीही अशाच कोरड्या, सच्छिद्र आणि शतकांच्या धुळीने मंद झालेल्या होत्या. व्हार्निशमधील राळेचा वक्रीभवनांक १.५ च्या आसपास असतो. ती छिद्रांत शिरताच रंग एकदम गडद आणि ताजे दिसू लागले असणार. पण पाणी उडून जाते, राळ उडून जात नाही. ती हवेने पिवळी पडते, काळवंडते, आक्रसते आणि आक्रसताना खालच्या रंगाचे पोपडे ओढते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पुन्हा बसवला. परंतु तेव्हा वापरलेला लाखेचा लेपही पुढे पिवळसर झाला. तो काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक वर्षे करावे लागले.

या दोन प्रयत्नांच्या मागोमाग तिसरा आला. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने जुन्या इटालियन चित्रतंत्रावरील चेन्निनीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये केले होते. तेलाऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या बंधकाने, म्हणजे टेंपेराने, चित्रे कशी काढत याचा त्यांनी स्वतः रंग घोटून अभ्यास केला होता. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळे त्यांनी अजिंठ्याला काढले. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्ता आणि हैदराबादहून सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन आले. या नकला १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

कलकत्त्याची ही तरुण मंडळी अवनींद्रनाथ टागोरांची शिष्य होती. १९०३ मध्ये कलकत्त्यास आलेल्या तायकान आणि शुन्सो या जपानी चित्रकारांचे काम पाहून अवनींद्रनाथांनी ‘वॉश’ची पद्धत बसवली होती. रंगवलेला कागद पाण्यात बुडवायचा, पुन्हा रंगवायचा. कागदाचा पांढरेपणा पातळ थरांतून झिरपू द्यायचा. हा जलरंगातला एक प्रयोगच होता. पण अजिंठ्याचा रंग धुक्यासारखा नाही. तो भरीव, अपारदर्शक आहे, त्याला ठाम रेषेची कड आहे. एकाच पाण्याच्या माध्यमातून दोन टोकाचे परिणाम कसे निघतात, हे या तरुणांना येथे भिंतीपुढे बसून पाहायला मिळाले. नंदलालांच्या पुढील चित्रांत जी सशक्त रेषा दिसते, तिच्यामागे अजिंठ्याचा हा अभ्यास आहे.

अजिंठ्याची चित्रे पाण्यातल्याच रंगांची होती, याला रसायनशास्त्राचा दुजोरा १९३० च्या दशकात मिळाला. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील एस. परमशिवन यांनी गिलाव्याचे नमुने तपासले आणि ही चित्रे ओल्या चुन्यावरची ‘फ्रेस्को’ नसून कोरड्या थरावर सरसासारख्या बंधकाने काढलेली आहेत असे दाखवले. खाली माती, दगडाची भुकटी, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, त्यावर रंग. तांबडा आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. हिरवा एका हिरव्या मातीचा. ती आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतच सापडते. निळा मात्र दूरच्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्दाचा.

आता हे सारे वर्गात करून पाहता येईल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुले तयार नळीतले रंग वापरतात. त्या नळीत काय असते हे त्यांना क्वचितच माहीत असते. गेरू पाण्यात ढवळा, जाड कण तळाशी बसू द्या, वरचे गढूळ पाणी ओतून घेऊन वाळवा. मिळालेली मऊ भुकटी डिंकाच्या पाण्यात घोटा. एका वाटीत बाभळीचा डिंक घ्या, दुसरीत मेळघाटातल्या धावड्याचा, लाडवांत घालतो तो. बाभळीचा डिंक पाण्यात चांगला विरघळेल. धावड्याचा फुगेल आणि दाट, थोडा गुठळीदार राहील. कोणता रंग कागदाला धरून राहतो, कोणता बोटाला लागतो, हे मुलांनीच ठरवावे.

आणखी एक प्रयोग फक्त आपल्याच भागात सहज होण्यासारखा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या मुलांना विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. एका बाटलीत ते खारे पाणी आणि दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी घेऊन दोन्हींत सारखाच गेरू ढवळा आणि घड्याळ लावून बसा. मातीचे बारीक कण विद्युतभारित असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात. क्षारांमुळे हा विरोध कमी होतो, कण एकत्र येऊन लवकर खाली बसतात. नदीचा गाळ खाडीच्या तोंडाशी साचतो तो काही अंशी याच कारणाने. मग दोन्ही पाण्यांत कालवलेला रंग कागदावर पसरून वाळवा. कुठे रंग सपाट बसतो, कुठे रवाळ दिसतो, याची नोंद वहीत करावी.

गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भिंतीला काय मानवते हे तपासण्याआधीच तिच्यावर लेप चढला, आणि त्याची किंमत भिंतीने मोजली. आज जुन्या वाड्यांतील आणि देवळांतील चित्रांवर ‘चकाकी आणण्यासाठी’ वार्निश किंवा ऑइल पेंट फिरवण्याची हौस गावोगाव दिसते. अशा वेळी रंग कशात कालवला आहे, एवढा प्रश्न विचारणारा एखादा विद्यार्थी गावात असला तरी एखादी भिंत वाचेल.